ड्रिल कधी बदलायचं?

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, चहाच्या गाड्यावर कुणाला सांगून बघा की मी एम.टेक. करतोय, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये. पहिला प्रश्न ठरलेला: "लेक्चरर होणार काय?" नाही म्हटलं की दुसरा: "मग पुण्याला जाणार असशील." तेही नाही म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि जरा वेळाने आपल्या चहाचे पैसे तोच देऊन टाकतो.

विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.टेक. लागतंच, त्यामुळे आमच्या भागात ही पदवी मास्तरकीचा परवाना म्हणूनच ओळखली गेली. दुसरी ओळख त्याहून वाईट. बी.ई. झालं, कॅम्पसला काही लागलं नाही, घरी बसावं तर शेजारीपाजारी विचारतात, म्हणून दोन वर्षं एम.टेक. करायचं. 'गेट' या प्रवेशपरीक्षेत पात्र ठरलेल्याला ए.आय.सी.टी.ई.चे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, महिना १२,४०० रुपये मिळतात. खानापूर-नंदगडकडून रोज येणाऱ्या पोराचा बसपास, जेवण आणि झेरॉक्स त्यात निघते. माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची पोरं होती आणि बरीचशी माझ्यापेक्षा हुशार होती. त्यांनी आयुष्यात कधी बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेला तुकडा, हातात धरला नव्हता, एवढाच फरक.

मी आलो तो शॉपमधून, म्हणजे कारखान्यातून. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं क्वालिटीला होतो. दिवसभर भोकाचं माप घ्यायचं बोअर गेज, रिजेक्शनच्या म्हणजे नापास मालाच्या चिठ्ठ्या आणि महिनाअखेरीची भांडणं. बाहेरच्यांना बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो आणि सीमाप्रश्न आठवतो. पण देशभरातल्या प्रेस, ट्रॅक्टर आणि इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनींत जे तेल फिरतं, त्याला वाट दाखवणारे व्हॉल्व्ह आणि पंप इथल्या पत्र्याच्या शेडांत मोठ्या संख्येने बनतात, हे सहसा कुणाच्या गावी नसतं. खानापूर रोडने तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की एका अंगाला कॉलेजं, दुसऱ्या अंगाला मशीन शॉप आणि फाउंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतशाळा. इथली दोन जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं १९७९ सालची, दोन्ही उद्यमबागेतलीच. त्याच रस्त्याने पुढे मच्छेला १९९८ साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे कर्नाटकातल्या बहुतेक सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं मुख्यालयच. एवढं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. आणि तरीही शॉपमधला माणूस कॉलेजात जातो तो पोराची फी भरायला, आणि कॉलेजातला माणूस शॉपमध्ये येतो तो इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर शिक्का मारून घ्यायला.

हे पहिल्यापासून असंच होतं असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातला, गुर्लहोसूरचा, १८६९ सालचा. शाळेत आम्हाला ते शिकवले गेले ते किर्लोस्करवाडीचे म्हणून. बेळगावातली जागा सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळरानावर त्यांनी कारखाना हलवला, ही गोष्ट आमच्याकडे जरा हळहळत सांगतात. मला मात्र त्यातला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हा माणूस मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत होता. मास्तर होता. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं, पुढे कडबा कापायची यंत्रं आली, १९०३ साली लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे तो नांगर खपायला वेळ लागला. म्हणजे फळ्यावर ड्रॉइंग काढणारा माणूस शेडमध्ये उतरला, तिथून शेताच्या बांधावर गेला, गिऱ्हाइकाच्या शंका ऐकून परत शेडमध्ये आला. या भागातल्या इंजिनिअरिंगची सुरुवातच मास्तरकी सोडलेल्या माणसाने केली. आता इथला एम.टेक.वाला शेड सोडून मास्तरकीकडे धावतो. धावू दे बापडा, पण जाताना शेडमधला एखादा प्रश्न तरी बरोबर नेत जा, असं मला वाटतं.

पहिल्या सेमिस्टरच्या विषयांची यादी वाचूनच दडपण येतं. अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, अपारंपरिक मशीनिंग, रोबोटिक्स, फ्लेक्झिबल मॅन्युफॅक्चरिंग सिस्टिम, कॉम्पोझिट्स, इंडस्ट्री ४.०. माझं मत विचाराल तर यातले दोन विषय सोन्याचे: धातू कापण्याचं शास्त्र आणि प्रयोगांची आखणी, म्हणजे ज्याला सगळे डी.ओ.ई. म्हणतात ते. बाकीचं गरज पडली की शिकता येतं. हे दोन मात्र मास्तरांशिवाय येत नाहीत.

कापण्याच्या शास्त्राचं उदाहरण देतो. एफ. डब्ल्यू. टेलरने १९०७ साली मांडलेलं टूल लाइफचं समीकरण बी.ई.ला सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. कटिंग स्पीड गुणिले टूलच्या आयुष्याचा एन-वा घात बरोबर एक स्थिरांक. परीक्षेत दोन आकडे देतात, तिसरा काढायचा, सहा मार्क. एम.टेक.ला आमच्या सरांनी फळ्यावर तेच समीकरण लिहिलं आणि विचारलं, "महिनाअखेरीला तुमच्या शॉपमध्ये काय होतं?" मी सांगितलं, सुपरवायझर ओव्हरराइडचं, म्हणजे मशीनचा वेग वाढवायचं, बटन वर फिरवतो. "किती?" म्हटलं, वीस टक्के. "कार्बाइडसाठी एन पाव धरा आणि सांगा." हिशोब केला. वेग वीस टक्के वाढला की टूलचं आयुष्य निम्म्याच्याही खाली येतं, ४८ टक्क्यांवर. म्हणजे एका इन्सर्टच्या, टूलच्या बदलत्या कार्बाइड टोकाच्या, जागी दोन, आणि मधे टूल बदलायला मशीन दोनदा उभी. आमच्या शॉपमध्ये महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इन्सर्ट "चोरीला जातात" अशी तक्रार होती. स्टोअरकीपर बिचारा कुलपं बदलत होता.

फाउंड्रीचंही तसंच. इथल्या जुन्या मिस्त्रीला भट्टीतलं लोखंड ओतण्याजोगं झालं की नाही हे पाहायचं असेल तर तो पाचरीच्या आकाराचा एक छोटा तुकडा ओततो, गार करतो, हातोड्याने तोडतो आणि तुटलेल्या तोंडावर पातळ कडेकडून पांढरा भाग किती आत गेलाय ते पाहतो. पांढरा जास्त आत गेला तर बिडात कार्बन-सिलिकॉन कमी, मशीनवर ड्रिल मोडणार. पुस्तक त्याच गोष्टीला कार्बन इक्विव्हॅलंट म्हणतं: कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, आणि ४.३ च्या आसपास आकडा आला की युटेक्टिक, म्हणजे सगळ्यांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण. आता सेन्सर बसवलेल्या छोट्या कपात रस ओतला की थंड होण्याच्या आलेखावरून तो आकडा काही मिनिटांत पडद्यावर दिसतो. मी दोन्ही पाहिलंय. मिस्त्रीचा अंदाज क्वचित चुकतो. अडचण एवढीच की तो रजेवर गेला की त्याचे डोळेही रजेवर जातात.

थ्रीडी प्रिंटरबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण 'अॅडव्हान्स्ड' म्हटलं की कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिला फोटो त्याचाच असतो. मी पाहिलेल्या बहुतेक प्रिंटरांवर गणपती आणि किचेन छापले जातात. गणपतीला माझी हरकत नाही. पण या गावात प्रिंटरचा खरा उपयोग फाउंड्रीत आहे. वाकड्यातिकड्या तेलवाटा असलेल्या व्हॉल्व्ह बॉडीचा एकच नमुना हवा असतो, तेव्हा लाकडी पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) आणि कोअरबॉक्स (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बनवायची पेटी) करण्यात आठवडेच्या आठवडे जातात. त्याऐवजी वाळूवर थर-थर बाइंडर, म्हणजे चिकटवणारा द्रव, छापून कोअर थेट उभा करता येतो, कोअरबॉक्स लागतच नाही. ती मोठी मशीन महाग असते, कबूल. पण साध्या प्लास्टिक प्रिंटरवर पॅटर्न छापून नमुना ओतून बघणं एम.टेक.च्या पोराला सहज जमण्यासारखं आहे. पॅटर्नमेकर मामांच्या शेजारी चार दिवस बसून ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न सहज निघावा म्हणूनचा उतार, किती ठेवायचा, आकसण्यासाठी मापात किती वाढ धरायची हे मात्र आधी विचारावं लागेल. सॉफ्टवेअर ते आपण होऊन विचारत नाही.

आता बरकडे येतो. माझी दोन वर्षं त्यातच गेली.

व्हॉल्व्हच्या बॉडीत एक मोठं आडवं भोक असतं, त्यात स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा दांडा, सरकतो. त्या भोकाला बाजूंनी तेलाच्या वाटा येऊन मिळतात. स्पूल आणि बोअर, म्हणजे ते भोक, यांच्यातली फट सात-आठ मायक्रॉन, कधी थोडी जास्त. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो. जिथे एक भोक दुसऱ्याला छेदतं तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूचा शेवटचा पातळ पापुद्रा कापला जात नाही, नुसता वाकतो. तो वाकलेला काठ म्हणजे बर. साध्या बिडात तो बऱ्याचदा आपोआप तुटतो, एस.जी. आयर्नमध्ये, म्हणजे चिवट जातीच्या बिडात, तसाच राहतो. बाहेरच्या तोंडावर असला तर दिसतो, काढता येतो. हा असतो आत, दोन वाटांच्या तिठ्यावर. राहिला तर कधीतरी ३०० बारच्या दाबाखाली सुटतो, तेलाबरोबर वाहत जातो आणि नेमका स्पूलच्या फटीत अडकतो. स्पूल जाम. स्पूल सरकवणारा विद्युतचुंबक, म्हणजे सोलेनॉइड, एसीवरचा असेल तर त्याचा प्लंजर, आतला लोखंडी दांडा, शेवटपर्यंत ओढला जात नाही, कॉइल जास्तीचा करंट खात राहते आणि जळते. गिऱ्हाईक फोन करून सांगतं, "तुमची कॉइल खराब आहे." आपण नवी कॉइल पाठवतो. ती पण जळते. गुजरातेतल्या एका गिऱ्हाइकाला आमच्या कारखान्याने अशा कितीतरी कॉइल फुकट पाठवल्या, बर मात्र बॉडीतच बसून.

हा बर काढायचं काम शॉपच्या एका कोपऱ्यात बायका करतात. टेबललॅम्प, आकड्यासारखी वळवलेली पाती, वेगवेगळ्या जाडीचे ब्रश, रॉकेलचा ट्रे, हवेची गन. येळ्ळूरहून येणाऱ्या एक अक्का त्या टेबलावरच्या सर्वांत जुन्या. पाती आत घालून नुसत्या हाताच्या जाणिवेवर त्या सांगत, इथे आहे, इथे नाही. आम्ही बोरोस्कोप, म्हणजे भोकात घालायची दुर्बीण, घालून पडताळायचो. बहुतेक वेळा बोरोस्कोप त्यांच्याशी सहमत व्हायचा.

माझ्या थिसिसचा विषय होता या कामासाठी अॅब्रेसिव्ह फ्लो मशीनिंग. अमेरिकेत १९६० च्या दशकात निघालेली ही पद्धत. सिलिकॉन पॉलिमरचा, मळलेल्या कणकेसारखा एक लगदा, त्यात सिलिकॉन कार्बाइडची पूड. समोरासमोर दोन सिलिंडर, मधे जॉब पकडायचा. एक सिलिंडर लगदा ढकलतो, दुसरा मागे सरतो, मग उलट. लगदा जिथे वाट अरुंद तिथे घासत जातो, तिठ्यावरचा बर झिजवतो, कडा किंचित गोल करतो. आयात मशीनची किंमत आमच्या लॅबच्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे उद्यमबागेतलेच सिलिंडर, उद्यमबागेतलाच पॉवर पॅक (दाबाने तेल पुरवणारा संच) घेऊन आम्ही एक साधा रिग उभा केला. बेळगावात राहण्याचा हा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. सील फुटलं तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नवं मिळतं.

बदलायच्या गोष्टी चार: दाब, फेऱ्यांची संख्या, पुडीचा दाणा, लगद्यातलं पुडीचं प्रमाण. प्रत्येकीच्या तीन पातळ्या. सगळ्या जोड्या करून पाहायच्या तर ८१ प्रयोग. जपानी इंजिनिअर गेनिची तागुचींच्या पद्धतीने एल-९ नावाची तयार मांडणी घेतली की ९ मध्ये भागतं. आमच्याकडच्या थिसिसांच्या कपाटात हात घाला, तीनातला एक एल-९ किंवा एल-२७ चा निघेल. आणि त्यातल्या बऱ्याच जणांत एक गंमत सापडेल. ९ प्रयोगांतून ८ स्वातंत्र्यांश, म्हणजे ८ स्वतंत्र तुलना, मिळतात. चार घटक, प्रत्येकी तीन पातळ्या, म्हणजे प्रत्येकाला २. चार दुणे आठ. सगळे आठ खर्च. योगायोगाने होणाऱ्या चढउताराचा अंदाज घ्यायला हातात काही उरतच नाही. मग काय करतात? ज्या घटकाचा परिणाम सगळ्यांत लहान दिसतो त्यालाच 'त्रुटी' म्हणून बाजूला काढतात, त्याच्याशी बाकीच्यांची तुलना करतात, आणि ९५ टक्के खात्रीने निष्कर्ष लिहितात. कंपनी सेक्रेटरी असा हिशोब लिहील तर तुरुंगात जाईल. (हे माझं नाही, आमच्या गाइडचं वाक्य आहे. ते असंच बोलायचे.)

त्यांनी मला दोन अटी घातल्या. प्रत्येक प्रयोग पुन्हा करायचा, आणि कुठला आधी कुठला नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मला तेव्हा ही अट त्रासाची वाटली, कारण दाणा बदलायचा म्हणजे अख्खा लगदा काढून रिग धुवायचा. धुण्यातच दिवस जायचा. पण त्या चिठ्ठ्यांमुळेच गोष्ट उघडी पडली. एकाच सेटिंगवर केलेल्या दोन प्रयोगांत उत्तरं इतकी वेगळी येऊ लागली की वेगवेगळ्या सेटिंगमधला फरक त्यापुढे किरकोळ. दाब वाढवल्याने जेवढं बदलत होतं, त्याहून जास्त काहीही न बदलता बदलत होतं. आधी लगद्याच्या तापमानावर संशय घेतला. तो बरोबरही होता, कारण लगदा गरम झाला की सैल पडतो, आणि दुपारी रिग तापतो. तापमान बांधून घेतलं, फरक थोडा कमी झाला, संपला नाही.

मग मी प्रयोगाच्या बॉड्या घेऊन अक्कांच्या टेबलावर गेलो. रिगवर चढवायच्या आधी त्यांत बर किती आहे हे त्यांनी नुसतं हाताने सांगावं एवढ्यासाठी. त्यांनी एकेक बॉडी उचलली, पाती घातली आणि दोन ढीग लावले. "ह्या सकाळच्या, ह्या दुपारच्या."

"कशावरून, अक्का?"

"ड्रिल बसलाय की त्याचा. दुपारपतोर बोथट होतोय. त्ये बदलत नाहीत खरं, मोडल्यावरच बदलतात. मग आमच्या बोटाला येतंय ते."

मी काही बॉड्या वायर-कटवर उभ्या चिरून घेतल्या, मायक्रोस्कोपखाली बराची उंची मोजली आणि शॉपच्या रजिस्टरवरून कुठली बॉडी ड्रिल बदलल्यानंतर कितवी होती ते शोधून समोर मांडलं. आलेख चढत होता. सुरुवातीला सावकाश, पुढे एकदम. त्याचं कारण पुस्तकात आहेच: धार गेली की ड्रिल कापण्यापेक्षा ढकलतो जास्त, थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, वाढतो, शेवटचा पापुद्रा आधीच वाकतो, जाड पापुद्रा वाकतो. अक्कांना कारण ठाऊक नव्हतं, किंवा असेलही, मी विचारलं नाही. त्यांना परिणाम ठाऊक होता आणि तो कधी सुरू होतो हे ठाऊक होतं.

मग एम.टेक.ने काय केलं? एवढंच, की तो आलेख मालकांच्या टेबलावर ठेवता आला. एका बाजूला ड्रिल लवकर बदलण्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला डीबरिंगचे, म्हणजे बर काढण्याचे, तास आणि फुकट पाठवलेल्या कॉइल. कुठल्या नगानंतर ड्रिल काढायचा तो आकडा त्या दोन खर्चांची बेरीज जिथे सगळ्यांत कमी होते तिथे मिळाला. मालक जुने, शिकलेले, हिशोबी. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, "हे त्या अक्का मला गेली दहा वर्षं सांगताहेत." मग जरा थांबून, "खरं, त्यांनी रेघ काढून दाखवली नव्हती." दुसऱ्या आठवड्यात मशीनवर काउंटर बसला. लगद्याच्या रिगचंही काम झालं, त्याचा उपयोग आहेच, पण बर आधीच लहान असेल तर त्याला फेऱ्या निम्म्या पुरतात. थिसिसमध्ये मात्र ड्रिलचा भाग परिशिष्टात गेला. विषय मंजूर झाला होता तो लगद्याचा.

मला या गोष्टीत कुणाला मोठं, कुणाला लहान ठरवायचं नाही. हाताला कळलेलं आकड्यात आणणं हे स्वतंत्र काम आहे, आणि ते करायला शिकवतं म्हणून हे शिक्षण मला मोलाचं वाटतं. नाहीतर फाइव्ह-अॅक्सिस मशीन चालवायला शिकायचं असेल तर त्यासाठी एम.टेक. नको. इथल्या सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रात, जी.टी.टी.सी.त, ते डिप्लोमाची पोरं जास्त चांगलं शिकतात.

हत्तरगीचं एरोस्पेसचं सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, झाल्यापासून आणखी एक गोष्ट बदलली. हायवेवर संकेश्वरच्या अलीकडे, तिथे विमानांचे सुटे भाग बनतात. तिकडे लागलेले आमचे मित्र पहिल्यांदा घरी आले ते कागदांबद्दल तक्रार करत. प्रत्येक तुकड्याचा जन्मदाखला: कुठल्या हीटचा (भट्टीच्या घाण्याचा) धातू, कुठल्या मशीनवर, कुणाच्या हाताखाली, कुठल्या गेजने मोजला, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधीचं. चंदगड-खानापूरच्या खेड्यातून आलेली, मराठी शाळेत दहावी केलेली पोरं तिथे टायटॅनियम कापतात आणि टॉलरन्सवर, म्हणजे मापात किती फरक चालेल यावर, तासतास वाद घालतात. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, बरीचशी ऊब टूलच्या टोकावर साठते, म्हणून वेग कमी ठेवायचा, कूलंट जोरात मारायचं, हे त्यांना आमच्या वर्गातल्या टॉपरपेक्षा आधी कळतं.

भाषेची अडचण आहे का, असं पुण्याचे लोक विचारतात. आहे, पण ते समजतात तिथे नाही. शॉपमध्ये मराठी-कन्नड-हिंदी असं जे काही बोललं जातं त्यात काम बिनबोभाट होतं. कोअरला कोअर आणि बरला बर सगळेच म्हणतात. सरकारी फॉर्म कन्नडमध्ये, पुस्तक इंग्रजीत, आणि डोक्यातला विचार मराठीत. अडतं ते प्रबंध लिहिताना. अनुभवी माणूस, शॉपमध्ये दहा मिनिटं सुंदर समजावून सांगणारा, तो लिहायला बसला की नेटवरची वाक्यं चिकटवतो. मी गाइडना पहिलं प्रकरण मराठीतच तोंडी सांगितलं, फोनवर रेकॉर्ड केलं आणि मग त्यावरून इंग्रजी लिहिलं. ज्याला पटेल त्याने करून बघावं.

प्रवेशाचं एक सांगून ठेवतो, कारण मला ते उशिरा कळलं. कर्नाटकातून पी.जी.सी.ई.टी. ही राज्याची प्रवेशपरीक्षा किंवा गेट, हा सरळ मार्ग. पण महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे, ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांच्यासाठी. तहसीलदार, दाखले, मातृभाषेचा पुरावा, पुष्कळ चपला झिजतात. ज्याला फाउंड्रीतच खोल जायचं आहे त्याने रांचीचाही विचार करावा. फाउंड्री आणि फोर्जसाठी १९६६ साली निघालेली तिथली राष्ट्रीय संस्था आता अॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंगच्या नावाने चालते. बंगळुरूला सी.एम.टी.आय. ही केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे, १९६२ ची. मशीन टूल डिझाइनचं त्यांचं जाडजूड हँडबुक आमच्या डिझाइन सेक्शनमध्ये तेलाचे डाग पडलेलं अजून वापरात आहे. आणि बी.ई.नंतर लगेच जाऊ नका. दोन वर्षं कुठेतरी नोकरी करा, शक्यतो रिजेक्शनशी संबंध येईल अशी. प्रश्न गाठीशी नसेल तर दोन वर्षं दुसऱ्यांची उत्तरं वाचण्यात जातात.

परवा मच्छेकडचा एक पोरगा थिसिसचा विषय मागायला आला. त्याला 'इंडस्ट्री ४.०' हवं होतं, सेन्सर, क्लाउड, डॅशबोर्ड सगळं. म्हटलं, पाऊस लागलाय, कुठल्याही ग्रीन सँड, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यांच्या, फाउंड्रीत जा. वाळूतला ओलावा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहायला हवा, जुलैत हवाच एवढी ओली की तो हाताबाहेर जातो, आणि कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं, पडतात. रोज पाळीला चारदा ओलावा मोज, त्या पाळीचं रिजेक्शन त्याच्यासमोर लिही. मग सेन्सर कुठे लावायचा ते तुझं तुलाच कळेल. तो म्हणाला, रिजेक्शनचं रजिस्टर कुठलाच मालक दाखवत नाही. हे मात्र खरं आहे, ते कपाटात कुलपात असतं. मी म्हटलं, आधी आठवडाभर मोल्डिंगवाल्यांबरोबर वाळू चाळ, रजिस्टर आपोआप निघेल.

त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, वाळू चाळायचे क्रेडिट मिळतात काय?"

मिळत नाहीत, म्हटलं.